वाकलेली मान, ताठ मन

वाचकहो, हा पाठ वाचावयास घेण्यापूर्वी दुसऱ्या शमुवेलाचे अध्याय १३ ते १८ एका बैठकीत वाचून काढावेत, अशी विनंती आहे. तुकड्यातुकड्यांनी वाचल्यास अबशालोमाची गोष्ट नुसती दुष्ट मुलाची गोष्ट वाटते. सलग वाचल्यास ती तशी राहत नाही. शास्त्र जवळ ठेवा, कारण पुढे त्या अध्यायांकडे वारंवार वळावे लागणार आहे. आरंभ मात्र यरुशलेमापासून दूरच्या एका गावापासून करू.

चेन्नईहून बंगळूरच्या रस्त्याने साधारण ४० किलोमीटर गेले की श्रीपेरुंबुदूर लागते. आज त्या परिसरात मोटारींचे व इतर मालाचे मोठमोठे कारखाने उभे आहेत. वैष्णव भाविकांना ते रामानुजाचार्यांचे जन्मस्थान म्हणून ठाऊक आहे. उरलेल्या भारताला ते नाव २१ मे १९९१ च्या रात्री कळले. त्या रात्री दहाच्या सुमारास निवडणुकीच्या सभेसाठी माजी पंतप्रधान राजीव गांधी तेथे आले. स्वागतासाठी हार घेऊन माणसे उभी होती. त्यांत धनू या नावाने ओळखली गेलेली एक तरुण स्त्री चंदनाचा हार घेऊन होती. बंदोबस्तावरच्या एका महिला पोलीस अधिकाऱ्याने तिला अडवू पाहिले, तरी ती पुढे आली. तिने हार घातला, पाया पडण्यासाठी ती वाकली आणि वाकलेल्या स्थितीतच तिने कमरेला बांधलेल्या स्फोटकाची कळ दाबली. राजीव गांधी गेले, ती गेली, बंदोबस्तावरचे कित्येक पोलीस गेले, आणि थोडा वेळ आधी कौतुकाने पुढे केलेली एक लहान मुलगीही गेली. ज्या छायाचित्रकाराला कट करणाऱ्यांनीच आणले होते तोही मेला. त्याचा कॅमेरा मात्र शाबूत राहिला, आणि त्यातील चित्रांवरून तपासाला धागा मिळाला.

या घटनेचे राजकारण आपला विषय नाही. मला त्या रात्रीची एकच गोष्ट राहून राहून आठवते, आणि ती म्हणजे तो नमस्कार. आपल्या देशात मनुष्य दुसऱ्याच्या पायाशी वाकतो तेव्हा तो आपली मान त्याच्या हाती देतो. त्याहून मोठी अधीनता दाखवण्याची रीत आपल्यापाशी नाही. शतकांच्या त्या रीतीचाच तेथे पडदा केला गेला. बंडखोर म्हणजे छाती पुढे काढून, मूठ आवळून उभा असलेला मनुष्य, असे चित्र आपल्या मनात असते. प्रत्यक्षात सर्वांत भयंकर बंड पुष्कळदा खाली वाकलेलेच असते. यहूदा इस्कर्योताने गुरूला धरून दिले ते चुंबन घेऊन. अबशालोम वेशीत उभा राही आणि कोणी त्याला नमन करावयास आला की त्याला वर उचलून त्याचे चुंबन घेई. पंधराव्या अध्यायाच्या आरंभी हे सारे आले आहे. चुंबने घेता घेता त्याने इस्राएलाची मने चोरली.

‘बंड’ हा शब्द आपल्या मराठीत फार निसरडा आहे. खोडकर पोराला आपण लाडाने बंड्या म्हणतो. १८५७ साली जे घडले त्याला एके काळी आपल्याच पुस्तकांतून शिपायांचे बंड म्हणत. पुढे त्यालाच स्वातंत्र्यसमर म्हणू लागले. घटना तीच, शब्द कोण उच्चारतो त्यावर त्याची किंमत ठरली. इब्री भाषेतही अनेक शब्द आहेत. त्यांपैकी ‘पेशा’ हा शब्द आपल्या शास्त्रात पुष्कळ ठिकाणी ‘अपराध’ म्हणून येतो. त्याचे मूळ मात्र राज्यकारभारातले आहे. मांडलिक राजा खंडणी देण्याचे थांबवून धन्याविरुद्ध उठला म्हणजे तेच क्रियापद वापरतात. दुसऱ्या राजांच्या पुस्तकाच्या अगदी पहिल्या ओळीत मवाब इस्राएलावर उलटला असे जे म्हटले आहे, तेथे तोच धातू आहे. यशयाच्या पहिल्या अध्यायात परमेश्वर आकाश व पृथ्वी यांना साक्षीला बोलावून आपल्या मुलांची तक्रार मांडतो, तेथेही तोच आहे. म्हणजे पाप हे नियमाच्या उल्लंघनापुरते राहत नाही. ते नाते तोडणे आहे. ज्याच्या अन्नावर वाढलो त्याला ‘तू माझा धनी नव्हेस’ असे म्हणणे आहे.

आता अबशालोमाकडे वळू. त्याची तक्रार खोटी होती काय? मुळीच नव्हती. त्याच्या सख्ख्या बहिणीवर, तामारेवर, अम्नोनाने बलात्कार केला. राजाच्या कानी ते गेले. तेराव्या अध्यायात एवढेच सांगितले आहे की दावीद फार संतापला. पुढे काय केले? काहीही नाही. संतापला आणि गप्प बसला. बथशेबेच्या प्रकरणानंतर पुत्राला न्यायासनापुढे उभे करण्याचे धैर्य त्याला उरले नसावे, असे माझे मत आहे. तामार भावाच्या घरी उजाड होऊन राहिली. अबशालोम दोन वर्षे अम्नोनाशी बरे-वाईट एक शब्दही बोलला नाही. मग मेंढरांच्या लोकर-कातरणीचे निमित्त करून त्याने त्याला मारविले आणि गशूरला पळून गेला. तेथे तीन वर्षे. परत आणला गेला, पण राजाचे तोंड पाहावयाचे नाही या अटीवर. त्यात आणखी दोन वर्षे गेली. यवाब भेटावयास येत नाही म्हणून त्याने यवाबाचे जवाचे शेत पेटवून दिले. शेवटी बापाने त्याचे चुंबन घेतले. त्या भेटीत तामारेचे नाव निघाले काय? निघाल्याचे शास्त्र सांगत नाही. सात वर्षांनंतरची ती भेट, आणि जे बोलावयाचे तेच राहून गेले.

येथे क्षणभर थांबा, विशेषतः जे वडीलधारे आहेत त्यांनी. घरात मुलगा उलटला की आपण त्याचे बंड मोजतो. आपले मौन मोजत नाही. ज्या घरात तक्रारीला दार नसते, तेथे ती भिंत फोडून बाहेर येते. अबशालोम वेशीत उभा राहून लोकांना सांगे की तुमचा दावा खरा आहे, पण राजाच्या वतीने ऐकून घेणारा येथे कोणी नाही. हे वाक्य त्याने राजकारणासाठी वापरले हे खरे. पण तो ते मनापासून बोलत होता असेच मला वाटते. त्याचे स्वतःचेच गाऱ्हाणे कोणी ऐकले नव्हते.

तरीसुद्धा तक्रार खरी असणे ही एक गोष्ट आणि बंड योग्य असणे ही दुसरी. या दोहोंमधल्या अंतरात अबशालोम बुडाला. बंड पुकारल्यावर तामारेचा न्याय कोठे गेला? हेब्रोनात रणशिंग वाजले ते ‘अबशालोम राजा झाला’ अशी द्वाही फिरवण्यासाठी. मग धाब्यावर तंबू ठोकून त्याने सर्व इस्राएलादेखत बापाच्या उपपत्नींशी जे केले, ते आठवा. बहिणीच्या अब्रूसाठी सुरू झालेली वाट दहा असहाय स्त्रियांच्या अब्रूवर येऊन संपली. एफ्राईमाच्या रानात त्या दिवशी वीस हजार माणसे पडली. बंडाचे हे लक्षण नीट ओळखून ठेवावे : ते ज्या अन्यायाचे नाव घेऊन निघते, तोच अन्याय पुढे स्वतः करू लागते आणि त्याला त्याची शुद्धही नसते.

श्रीपेरुंबुदूरच्या घटनेमागे जी संघटना उभी होती तिचा इतिहास या दृष्टीने वाचण्याजोगा आहे. श्रीलंकेतील तमिळांची गाऱ्हाणी खोटी नव्हती. १९८१ साली जाफना येथील ग्रंथालय जाळण्यात आले. सुमारे ९७ हजार पुस्तके व जुनी हस्तलिखिते त्यात गेली. जुलै १९८३ मध्ये कोलंबोत व इतरत्र तमिळांची घरेदुकाने जाळली गेली, माणसे रस्त्यात मारली गेली. वेलिकडा तुरुंगात दोन दिवसांत ५३ तमिळ कैद्यांचे खून झाले. ज्याच्या घराची राख झाली त्या तरुणाला ‘तुझी तक्रार खोटी’ असे कोणत्या तोंडाने सांगावे? पण १९७६ साली स्थापन झालेल्या ‘लिबरेशन टायगर्स’नी पुढे काय केले? १९८६ साली त्यांनी ‘टेलो’ या दुसऱ्या तमिळ संघटनेचा पुढारी व त्याचे शेकडो साथीदार मारले. १९८९ साली अमृतलिंगम या वयोवृद्ध तमिळ नेत्याला त्याच्याच घरात गोळ्या घातल्या. १९८७ ते १९९० या काळात शांतिसेना म्हणून गेलेले सुमारे १,२०० भारतीय जवान त्या लढाईत कामी आले. १९९४ साली तर प्रमुखाने आपला एके काळचा उजवा हात असलेल्या महात्तया यालाच फितुरीच्या आरोपावरून ठार केले. त्या संघटनेत शिरणाऱ्या कोवळ्या मुलामुलींच्या गळ्यात विषाची कुपी असे. ज्यांनी सरकारपुढे मान वाकवावयाची नाही अशी शपथ घेतली, त्यांना एका माणसापुढे प्रश्न न विचारता मान वाकवावी लागली. बंडखोराच्या राज्यात बंडाला जागा नसते. मे २००९ मध्ये ते सारे संपले तेव्हा त्या किनाऱ्यावर सर्वांत जास्त मेले ते सामान्य तमिळच.

शौलाचे उदाहरण थोडक्यात घेऊ, कारण ते आपल्यापैकी बहुतेकांच्या अधिक जवळचे आहे. पहिल्या शमुवेलाच्या पंधराव्या अध्यायात तो लढाई जिंकून येतो आणि शमुवेलाला सामोरा जाऊन आज्ञा पाळल्याचे आनंदाने सांगतो. मागून मेंढरे ओरडत असतात! विचारले तेव्हा उत्तर तयार : ती यज्ञासाठी राखली आहेत. शौलाने कोणाविरुद्ध शस्त्र उचलले नव्हते, घोषणा केली नव्हती. तो वेदी बांधावयास निघाला होता. तरी संदेष्ट्याने त्याच्या कृत्याला बंडच म्हटले आणि ते जादूटोण्याच्या पापाच्या पंक्तीला बसविले. नव्वद टक्के आज्ञा पाळून उरलेले दहा टक्के देवाच्याच नावाने आपल्यापाशी ठेवणे, हे मंडळीत बसून करावयाचे बंड आहे. त्याला आवाज नसतो. मेंढरांचा मात्र असतो.

मग प्रत्येक आज्ञाभंग म्हणजे बंडच का? असे म्हटले तर शिप्रा व पुवा या सुइणींना आपण कोठे बसवणार? फारोची आज्ञा त्यांनी सरळ मोडली, आणि देवाने त्यांचे घर वसविले. दानीएलाने खिडकी बंद केली नाही. पेत्र व योहान न्यायसभेपुढे म्हणाले ते तुम्हांस ठाऊकच आहे. तेव्हा भेद कशाने करावा?

येथे श्रीपेरुंबुदूरचा दुसरा पुरुष मदतीला येतो. परंपरेनुसार रामानुजाचार्यांचा जन्म १०१७ सालचा. त्यांच्याविषयी वैष्णव परंपरेत एक कथा सांगतात. तिरुकोष्टियूर येथील गुरूंकडून गुप्त मंत्राचा अर्थ मिळावा म्हणून ते वारंवार गेले. अठरा वेळा जावे लागले असे म्हणतात. अखेर तो मिळाला, पण अट अशी की कोणालाही सांगावयाचा नाही, सांगितल्यास नरक. रामानुज मंदिराच्या उंच भागावर चढले आणि खाली जमलेल्या सर्व लोकांना, जातपात न पाहता, त्यांनी तो मोठ्याने सांगितला. गुरू संतापले. रामानुजांनी उत्तर दिले की इतक्या जणांचा उद्धार होत असेल तर मी एकटा नरकात जाईन. ते ऐकून गुरूंनीच त्यांना मिठी मारली, अशी ती कथा आहे. त्यांच्या मंत्राशी आपला विश्वास जुळत नाही, हे सांगणे न लगे. पण ही कथा वाचताना निर्गमाच्या बत्तिसाव्या अध्यायातला मोशे आठवल्यावाचून राहत नाही. लोकांना क्षमा होत नसेल तर माझे नाव तुझ्या पुस्तकातून पुसून टाक, असे तो म्हणाला होता. रोमकरांस पत्राच्या नवव्या अध्यायात पौलाने आपल्या बांधवांसाठी अशीच इच्छा बोलून दाखवली आहे.

एकाच गावाशी जोडलेल्या या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहा. एकाने उंचावर, उघड्यावर, सर्वांना ऐकू जाईल अशी आज्ञा मोडली आणि दंडासाठी मान पुढे केली. दुसरी खाली वाकली, हार घातला, आणि आत मरण लपविले. धनूनेही प्राण दिले हे खरे. पण ते इतरांचे घेण्यासाठी. किंमत कोणाच्या पदरात पडली, हे विचारले म्हणजे पुष्कळसा गोंधळ मिटतो. सुइणींनी मुले वाचविली आणि धोका स्वतःच्या माथी घेतला. अबशालोमाने अन्यायाचे नाव घेतले आणि किंमत वीस हजारांकडून वसूल केली.

आपल्या महाराष्ट्रातले उदाहरण घ्यावयाचे तर पंडिता रमाबाईंहून मोठे मला दिसत नाही. बंडाचा वारसा त्यांना घरातच मिळाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकविले, एवढ्या अपराधासाठी त्यांना स्वजनांचा रोष पत्करावा लागला आणि ते रानात जाऊन राहिले. २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला तो तशाच रानात, गंगामूळ येथे. पुढे कुटुंब तीर्थयात्रा करीत, पुराण सांगत दक्षिणेत हिंडत राहिले, आणि १८७० नंतरच्या दुष्काळात मद्रास इलाख्यातच आईवडील अन्नावाचून गेले. १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीला ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८० साली तिने बिपिनबिहारी मेधावी या ब्राह्मणेतर बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. दोन वर्षांत वैधव्य आले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडात वाँटेज येथे तिचा व लहानग्या मनोरमेचा बाप्तिस्मा झाला. पुण्यात केवढे वादळ उठले! जोतीराव फुल्यांनी मात्र १८८५ साली ‘सत्सार’मधून तिची बाजू घेतली.

पण आपल्या पाठाला उपयोगी पडणारा भाग यापुढचा आहे, आणि तो आपल्या मंडळ्यांतून फारसा सांगितला जात नाही. हिंदू समाजाने जिला बंडखोर ठरविले, तिला ख्रिस्ती वडीलधाऱ्यांनीही तेच म्हटले. तिला मातेच्या मायेने वागविणाऱ्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेला तिचा पत्रव्यवहार छापून प्रसिद्ध झाला आहे. तो जरूर वाचावा. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे कशाला, संस्कृत का नकोत, इथपासून ते अमुक मतांगीकार शास्त्रात कोठे आहे, इथपर्यंत ती प्रश्न विचारी. तिने पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये असे हिंदुस्थानातल्या बिशपांनी सुचविले तेव्हा ती मानी ना. ज्यांचे अन्न ती खात होती त्यांना हा गर्व वाटला, कृतघ्नपणा वाटला. मी सिस्टर जेराल्डिन यांची थट्टा करणार नाही. त्यांचे प्रेम खरे होते, काळजीही खरी होती. नव्याने विश्वासात आलेल्या मनुष्याने प्रश्न विचारला की आपल्यालाही तसेच वाटते. प्रश्न ऐकू येत नाही, स्वर तेवढा ऐकू येतो.

रमाबाई मात्र येथेच थांबल्या असत्या, तर त्या केवळ एक तेजस्वी स्त्री म्हणून राहिल्या असत्या. ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले, पुढच्या वर्षी ते पुण्यास नेले. याच सुमाराची गोष्ट त्यांनी पुढे आपल्या साक्षीत लिहून ठेवली आहे. बाप्तिस्म्याला आठ वर्षे होऊन गेली तेव्हा त्यांच्या ध्यानी आले की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला आहे, ख्रिस्त सापडलेला नाही. किती धीट कबुली ही! रूढीशी लढली, जातीशी लढली, पंडितांशी, बिशपांशी लढली. आणि मग कळले की एवढ्या साऱ्या लढाया जिंकूनही आपण कोणाच्या पायाशी अजून खरोखर बसलोच नाही. रूढी मोडणे म्हणजे देवाला शरण जाणे नव्हे, हे त्यांना कोणा टीकाकाराने सांगितले नाही. त्यांनी स्वतःच स्वतःला सांगितले.

त्या शरणागतीनंतर त्यांचे प्रश्न बंद झाले असे समजू नका. १८९३ साली पुण्यात पालकांनी मुली काढून नेल्या तरी त्या बधल्या नाहीत. दुष्काळ पडला, १८९६-९७ साली, तेव्हा त्या मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली घेऊन आल्या. ज्या भुकेने आईबाप नेले तिच्याच तोंडातून त्यांनी शेकडो लेकरे ओढून काढली. केडगावचे ‘मुक्ती’ त्यातूनच उभे राहिले. मग साधीसुधी मराठी बोलणाऱ्या बायांना कळेल असे शास्त्र हवे म्हणून त्या म्हातारपणी इब्री व ग्रीक शिकत बसल्या, आणि संबंध पवित्र शास्त्राचे भाषांतर एकटीने केले. जुलै १९२१ मध्ये मनोरमा वारली. त्यानंतरही काम चालूच होते. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई प्रभूत निजल्या तेव्हा भाषांतर पुरे झाले होते. माणसांपुढे न वाकणारी ती मान वर्षानुवर्षे एका पुस्तकावर वाकलेली होती.

आता बंडाच्या दुसऱ्या टोकाकडे, म्हणजे ज्याच्याविरुद्ध बंड झाले त्याच्याकडे पाहू. अबशालोमावर सैन्य पाठवताना दाविदाने सरदारांना बजावले की त्या तरुणाला माझ्यासाठी सांभाळून घ्या. बातमी आली तेव्हा तो वेशीवरच्या कोठडीत चढून रडला. यवाबाला ते रडणे वेडेपणाचे वाटले, आणि राज्यकारभाराच्या दृष्टीने यवाब चुकलाही नव्हता. पण वाचक म्हणून आपण कोणाजवळ उभे राहतो?

श्रीपेरुंबुदूरच्या खटल्यात २८ जानेवारी १९९८ रोजी विशेष न्यायालयाने सर्वच्या सर्व २६ आरोपींना फाशी सुनावली. ११ मे १९९९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चौघांची फाशी कायम केली, तिघांना जन्मठेप दिली आणि बाकीच्यांना सोडले. त्या चौघांत नलिनी नावाची स्त्री होती. अटकेनंतर तुरुंगातच तिने एका मुलीला जन्म दिला होता. तिला फाशी होऊ नये, अशी विनंती सोनिया गांधींनी केली, आणि एप्रिल २००० मध्ये तिची शिक्षा जन्मठेपेवर आली. १९ मार्च २००८ रोजी राजीव गांधींची कन्या प्रियांका वेल्लोरच्या तुरुंगात जाऊन नलिनीला भेटली. सभा नाही, कॅमेरे नाहीत. ही भेट लोकांना कळली तीच कित्येक दिवसांनी. फेब्रुवारी २०१४ मध्ये उरलेल्या तिघांची फाशीही रद्द झाली, आणि २०२२ साली जिवंत असलेले सातही दोषी सुटले.

त्या सुटकेने सर्वांना आनंद झाला असे मी म्हणणार नाही. त्या रात्री ज्यांचे पती, पिता, पुत्र गेले, ज्यांच्या शरीरात अजून छरे आहेत, त्यांपैकी काहींना ती दुसरी जखम वाटली आणि त्यांनी ते बोलूनही दाखविले. त्यांना क्षमेचे प्रवचन देण्याचा अधिकार आपणांस नाही. क्षमा ही ज्याच्या घरात मरण आले त्याने द्यावयाची वस्तू आहे. दूर बसलेल्याने ती दुसऱ्याच्या वतीने वाटू नये. आपल्याला एवढेच पाहता येते की एका मुलीने, जिचे वय वडील गेले तेव्हा एकोणीस वर्षांचे होते, सतरा वर्षांनी ते दार ठोठावले. दाविदाला गशूरपर्यंत जाता आले असते. ती तीन वर्षे त्याचा जीव मुलासाठी झुरत होता, असे शास्त्रच सांगते. पण तो गेला नाही.

हा पाठ लिहिताना एक गोष्ट मला बाजूला ठेवता आली नाही, म्हणून सांगतो. पुष्कळ वर्षांपूर्वी मी ज्या मंडळीत होतो तेथे एका तरुणाने वार्षिक सभेत उभे राहून इमारत निधीचा हिशेब मागितला. त्याचा स्वर बरा नव्हता हे मान्य. वडीलजनांपैकी एकाने कोरहाचा दाखला दिला, पृथ्वीने गिळल्याचा. त्याला मंडळीच्या सर्व कामांतून काढून टाकण्याचा ठराव आला, आणि त्या ठरावाच्या बाजूने जे हात वर झाले त्यांत माझाही होता. दोन वर्षांनी वह्या तपासल्या तेव्हा त्याचा प्रश्न खरा ठरला. तोवर तो चार कुटुंबे घेऊन वेगळा झाला होता. पुढे असे ऐकले की त्याच्या मंडळीतही पैशाविषयी कोणी विचारलेले त्याला खपत नाही. हे ऐकून आमच्यापैकी काहींना समाधान वाटले. मलाही वाटले, आणि त्याची लाज वाटण्यास मला फार वेळ लागला.

गेल्या पावसाळ्यात मी त्याला पत्र लिहिले. त्या सभेत माझा हात वर होता, आणि तो चुकला होता, एवढेच लिहिले. कोरहाचा विषय काढला नाही, त्याच्या मंडळीचाही नाही. महिनाभर उत्तर नव्हते. मग एक कार्ड आले. त्यावर दोनच ओळी होत्या. त्या वेळची हिशेबाची वही अजून असली तर मला एकदा पाहावयाची आहे, असे त्याने लिहिले होते. वही आहे. येत्या रविवारी उपासना झाल्यावर मी ती घेऊन त्याच्या घरी जाणार आहे.